मूळ इंजिनाला टर्बोची हवा किती सोसते?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की नाशिक, निफाड, दिंडोरी या भागातल्या गॅरेजांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मिस्त्री, गाडीला दम नाही. पंप वाढवून द्या." आता त्यात आणखी एका मागणीची भर पडली आहे. "टर्बो बसवून द्या", नाही तर "टर्बोचं प्रेशर वाढवून द्या". शेजाऱ्याने वाढवून घेतले, त्याची पिकअप भरल्या मालानिशी सुसाट जाते, मग आपण का मागे राहायचे, असा विचार मनात येणे साहजिक आहे. म्हणून आज आपण एवढेच पाहू, की कारखान्यातून जसे आले तसे मूळ इंजिन जादा हवेचा दाब किती सोसते, आणि कुठे थांबावे.

टर्बो म्हणजे काय?

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन पाती. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका पात्याला फिरवतो, ते पाते दुसऱ्याला फिरवते, आणि दुसरे पाते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्याचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. आधी जहाजे आणि रेल्वेची इंजिने, मग ट्रक, मग मोटारी, असा टर्बोचा प्रवास झाला. ही पाती मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतात, हे लक्षात ठेवा. पुढे देखभालीच्या वेळी उपयोगी पडेल.

हवा कोंबायची कशासाठी? एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. डिझेल जास्त दिले आणि हवा तेवढीच राहिली, तर जास्तीचे डिझेल अर्धवट जळते. तोच काळा धूर. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. आपल्या पैशाचे डिझेल सायलेन्सरमधून बाहेर चालले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दाब मोजायचा कसा?

ठिबकच्या फिल्टरवरचा गेज आपण रोज पाहतो. ठिबक साधारण १ किलो दाबावर चालते. टर्बोचा दाबही त्याच मापाने समजून घ्या. मोटारीच्या गेजवर पुष्कळदा पीएसआय लिहिलेले असते. १ किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय.

आपल्या भोवतालची हवासुद्धा सुमारे १ किलोने दाबतच असते. म्हणून गेजवर टर्बोचा दाब १ किलो दिसला, तर इंजिनाला दुप्पट दाबाची हवा मिळते. पण दुप्पट दाब म्हणजे दुप्पट हवा नव्हे. इथेच पुष्कळांची चूक होते.

सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम होते ना? टर्बोतही हवा दाबली की तापते. आपल्याकडे दुपारी ३५ अंशाची हवा अर्धा किलो दाबली, तर ती सुमारे ९५ अंशांवर जाते. एक किलो दाबली तर १४० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे अर्धा किलोला प्रत्यक्षात सुमारे पाव पट हवा वाढते, आणि एक किलोला दीडपट. दुप्पट कधीच नाही. ही हवा थंड करण्यासाठी रेडिएटरसारखी एक जाळी बसवतात, तिला इंटरकूलर म्हणतात. इंटरकूलरशिवाय दाब वाढवणे म्हणजे इंजिनाला हवेबरोबर उष्णतेचे ताट वाढणे होय.

इंजिनावर भार किती येतो?

आता सिलिंडरच्या आत पाहू. जुन्या बिनटर्बो डिझेल इंजिनात डिझेल पेटते तेव्हा दाब साधारण ७० ते ९० किलोपर्यंत जातो. पिस्टनचा व्यास नऊ सेंटिमीटर धरा आणि दाब ८० किलो धरा. हिशेब केला तर पिस्टनच्या डोक्यावर पाच हजार किलोंचा भार येतो. म्हणजे ५० क्विंटल कांदा! आणि तोही एकदा नव्हे. इंजिन दोन हजार फेऱ्यांवर चालत असेल, तर प्रत्येक पिस्टनवर हा घाव मिनिटाला एक हजार वेळा बसतो.

टर्बो लावून आणि डिझेल वाढवून हाच दाब १२० किलोवर नेला, तर ५० क्विंटलचे ७५ क्विंटल होतात. पिस्टन, पिस्टनची पिन, कनेक्टिंग रॉड, क्रँकची बेअरिंगे, हेडचे बोल्ट, हेड गॅसकेट हे सगळे भाग पहिल्या हिशेबाने घडवलेले असतात. कारखाना थोडी शिल्लक ताकद ठेवतो, नाही असे नाही. पण ती शिल्लक उन्हाळ्यासाठी, खराब डिझेलसाठी, जास्त भरलेल्या मालासाठी असते. ती आधीच खर्च करून टाकली, तर अडचणीच्या दिवशी काय उरणार?

कंपन्या टर्बोचे इंजिन काढतात तेव्हा नुसता टर्बो बसवून मोकळ्या होत नाहीत. पिस्टनच्या खालून तेलाची पिचकारी मारून पिस्टन थंड ठेवतात. गॅसकेट, बेअरिंग, नोझल, रेडिएटर, क्लच सगळेच बदलतात. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. नाशिकच्या कारखान्यात बनणारी स्कॉर्पिओ २००२ साली आली, तेव्हा तिच्यात २.६ लिटरचे १०९ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते. पुढे २.२ लिटरचे इंजिन आले. ते आकाराने लहान, पण ताकद १२० अश्वशक्ती. हे स्क्रू पिळून झाले नाही. इंजिनच नवे घडवले, कॉमन रेलने डिझेल मोजून दिले, पाती हलवून दाब सांभाळणारा टर्बो दिला.

मग सोसते किती?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. याला एक आकडा नाही. इंजिन कोणत्या जातीचे, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

१) पेट्रोलची मूळ बिनटर्बो मोटार : यात दाबाचे प्रमाण, ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात, ते साधारण ९ ते ११ असते. हवा जास्त कोंबली की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता भडकते आणि इंजिनात खटखट आवाज येतो. ही खटखट म्हणजे पिस्टनवर हातोडीचे घाव. पेट्रोल आणि ठिणगीची वेळ नीट जुळवली, इंटरकूलर बसवला, तरी अशा इंजिनाला ०.३ ते ०.४ किलो, म्हणजे पाच-सहा पीएसआय एवढीच हवा द्यावी. त्यापुढे जायचे तर पिस्टनच बदलावे लागतात. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची टर्बोची मोटार निघाली. कॉम्प्रेशन सव्वादहा आणि टर्बोचा दाब जेमतेम पाच पीएसआय. तरी खटखट टाळण्यासाठी पाणी आणि मेथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी द्यावी लागली. लोक ती टाकी भरायला विसरू लागले आणि पुष्कळ गाड्यांचे टर्बो शेवटी काढून टाकावे लागले. कारखान्याची ही गत, तर रस्त्याकडेच्या गॅरेजची काय कथा?

२) डिझेलचे बिनटर्बो इंजिन, म्हणजे जुनी जीप, जुनी पिकअप आणि बहुतेक मध्यम ट्रॅक्टर : डिझेलमध्ये ती खटखटीची भीती नाही, म्हणून लोकांना वाटते की कितीही हवा चालेल. हवा एकटी असती तर खरेही होते. जादा हवेने धूर कमी होतो, जळण स्वच्छ होते. धोका हवेचा नाही, हवेच्या मागोमाग वाढवलेल्या डिझेलचा आहे. चांगल्या स्थितीतल्या इंजिनाला ०.४ ते ०.५ किलो ही मर्यादा समजा, आणि तीही पंप फारसा न वाढवता.

३) मूळचे टर्बो डिझेल इंजिन : यात कंपनीने बहुधा एक किलोच्या आसपास, काही इंजिनांत दीड किलोपर्यंत दाब ठरवलेला असतो. इंजिन त्याच हिशेबाने बांधलेले असते, म्हणून माझा सल्ला सरळ आहे. ओझे वाहणाऱ्या गाडीत तो दाब वाढवू नका. पुष्कळांना ठाऊक असलेले मारुतीचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन काही गाड्यांत ७५ अश्वशक्तीचे होते, काही गाड्यांत ९० चे. इंजिनाचा सांगाडा एक, पण ९० वाल्याला टर्बो वेगळा होता. आकडा वाढवण्यासाठी कारखान्यानेसुद्धा सामान बदलले, ही गोष्ट ध्यानात घ्या.

दहा सेकंद आणि चार तास

शहरातला हौशी माणूस गाडीचा दाब वाढवतो आणि सांगतो, "माझी गाडी दोन वर्षं चालतेय, काही झालं नाही." तो खोटे बोलत नाही. पण त्याची गाडी पूर्ण दाबावर किती वेळ असते? पुढच्या गाडीला मागे टाकताना दहा सेकंद. नंतर इंजिनाला विश्रांती.

आपले तसे नाही. ब्लोअर जोडून द्राक्षबागेत फवारणी करताना ट्रॅक्टर चार-चार तास एका दमात, भर उन्हात, भाराखाली चालतो. कसारा घाट भरल्या गाडीने चढताना पाय पॅडलवरून उठत नाही. इंजिनाला उष्णता मारते, आणि उष्णता साचायला वेळ लागतो. म्हणून मोटारीला जे पचते, ते ओझ्याच्या गाडीला आणि ट्रॅक्टरला पचेलच असे नाही. धुराची उष्णता टर्बोच्या तोंडाशी ७०० अंशांच्या वर टिकून राहिली, की ॲल्युमिनियमच्या पिस्टनचे दिवस भरले म्हणून समजा.

माझी चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली माझ्याकडे जुनी डिझेल पिकअप होती. इंजिन बिनटर्बो. तरुण वय, हातात कला, डोक्यात हवा. मोडीत निघालेल्या एका इंजिनाचा टर्बो मिळाला, तो मी स्वतः बसवला. गेज नाही, इंटरकूलर नाही. वर पंपाचा स्क्रू दोन फेरे पिळला. गाडी अशी पळाली म्हणून सांगू! गावातली पोरे बघायला यायची. दोन महिने मी राजासारखा फिरलो.

फेब्रुवारीत भिवंडीहून बागेच्या मांडवासाठी लोखंडी अँगल भरून येत होतो. कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवत होतो. अर्धा घाट झाला आणि खालून टणटण आवाज आला. मागे पांढरानिळा धूर. ऑइल काढायच्या नळीतून तेल उडू लागले. गाडी टोचन लावून आणली. हेड उघडले, तर तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला रुपयाएवढे भोक. कडा मेणासारख्या वितळलेल्या.

इंजिन पूर्ण बांधावे लागले. पण खरे नुकसान ते नव्हते. ऐन द्राक्षतोडणीत गाडी सव्वा महिना उभी राहिली. माल भाड्याच्या गाडीने न्यावा लागला. एके दिवशी भाड्याची गाडी वेळेवर आली नाही, आणि तोडलेला माल उन्हात बसून राहिला. त्या वर्षीचा बँकेचा हप्ता मी भरू शकलो नाही. घरच्यांनी तोंडाने काही म्हटले नाही, पण तो स्क्रूचा दोन फेरे पीळ मला अजून आठवतो.

आधी दम कुठे गेला ते शोधा

माझ्या अनुभवात दम नाही म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींना जादा दाबाची गरज नसतेच. असलेला दाबच गळत असतो, किंवा कुठेतरी अडलेला असतो. म्हणून पैसे खर्चण्याआधी या गोष्टी क्रमाने पाहा.

१. एअर फिल्टर. आपल्याकडे धूळ फार. फिल्टर तुंबला तर इंजिन गुदमरते. फिल्टर आपटून झटकू नका, कागद फाटतो. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंका, आणि मुदत संपली की बदला.

२. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज आणि क्लिपा. होजला बारीक चीर असेल तर भाराखाली सुस्स आवाज येतो आणि काळा धूर पडतो. होजवर तेलाचा ओला डाग दिसला, तर तिथेच गळती शोधा.

३. डिझेल फिल्टर आणि नोझल. पाणी मिसळलेले डिझेल नोझल खाते.

४. टॅपेटचे अंतर आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन. बोअर झिजलेल्या इंजिनाला टर्बोचा दाब वाढवणे म्हणजे आजारी बैलाला दुप्पट ओझे लावणे.

५. क्लच घसरतो का, ब्रेक धरून राहतो का, टायरमध्ये हवा आहे का. दोष चाकात आणि औषध इंजिनाला, असे पुष्कळदा होते.

टर्बो सांभाळायचा कसा?

टर्बोची पाती तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. तेल हाच त्यांचा प्राण. कंपनीने सांगितलेल्या जातीचेच तेल घाला आणि वेळेवर बदला. सकाळी गाडी चालू केल्यावर लगेच ताणू नका, अर्धा-एक मिनिट हळू चालू ठेवा. घाट चढून आल्यावर किंवा फवारणी संपल्यावर किल्ली लगेच फिरवू नका. इंजिन बंद झाले की तेलपुरवठा थांबतो, पण तापलेला टर्बो अजून फिरतच असतो. एक-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू द्या, मग बंद करा.

एक धोक्याची सूचना. टर्बोचे सील गेले तर इंजिन स्वतःचेच तेल ओढून आपोआप वेग घेते. किल्ली काढली तरी थांबत नाही. अशा वेळी घाबरू नका. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा. ते जमले नाही तर हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरा. हात किंवा कापड लावू नका. इंजिन कापड आत ओढते आणि हातही ओढू शकते. तेही साधले नाही तर माणसे दूर न्या. इंजिन परत घेता येते.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय बदल केलेल्या गाडीची वॉरंटी जाते, आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईवर वाद उभा राहतो. कर्जाची गाडी असेल तर हा विचार आधी करा.

मिस्त्रीला विचारायचे प्रश्न

एवढे ऐकूनही कुणाला हात घालायचाच असेल, तर हे प्रश्न विचारा. माझ्या इंजिनाचा कंपनीने ठरवलेला दाब किती? आता गेजवर किती येतो? वाढवून किती होणार? हवा थंड करण्याची सोय काय? डिझेल किती वाढवणार आणि धुराची उष्णता कशाने मोजणार? क्लच आणि गिअरबॉक्स हा भार घेतील का? आणि शेवटचा प्रश्न : इंजिन गेले तर भरपाई कोण देणार? ज्याच्याकडे गेज नाही आणि ज्याचे उत्तर "काही होत नाही हो" एवढेच आहे, त्याच्याकडून नमस्कार करून परत या.

थोडक्यात लक्षात ठेवा

पेट्रोलच्या मूळ बिनटर्बो इंजिनाला ०.३ ते ०.४ किलो, डिझेलच्या बिनटर्बो इंजिनाला फार तर अर्धा किलो, आणि मूळ टर्बो इंजिनाला कंपनीने दिला असेल तेवढाच दाब. गेजशिवाय दाबाला हात लावू नये. काळा धूर दिसला की डिझेल जास्त किंवा हवा कमी, हे ओळखावे. आणि गाडीचे ओझे गाडीच्या कुवतीएवढे ठेवावे. दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील, पण ऐन हंगामात गाडी उभी राहणे परवडत नाही.

बैलाला आपण किती जुंपतो, हे आपल्या आजोबांना त्याच्या श्वासावरून कळत होते. इंजिनही श्वासच घेते. त्याचा श्वास ओळखायला शिका, ते तुम्हाला वर्षानुवर्षे साथ देईल.